नऊ चाळीस ते दहा बावन्न

पहाटे साडेचारला आम्ही सहा जण एका छोट्या गावातल्या बंद पेट्रोल पंपासमोर उभे होतो. जुलै महिना होता, तरी अंगात जाकीट होतं. नेवाडाच्या वाळवंटात सूर्य उगवेपर्यंत गारठा असतो आणि उगवला की दोन तासांत तेच जाकीट नकोसं होतं. सगळ्यांचे कपडे मातकट रंगाचे. आधी आलेल्या सूचनांमध्येच तसं लिहिलं होतं: भडक काही घालू नका, घोडे बुजतात. हात हलवू नका, मोठ्यानं बोलू नका, सांगितल्याशिवाय गाडीतून उतरू नका. पाणी आणि खाणं आपलं आपण आणा. माझ्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. आबांबरोबर सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाताना आजी हेच बांधून द्यायची, म्हणून मुद्दाम केलं होतं.

रानघोड्यांना हेलिकॉप्टरनं हाकून पिंजऱ्यात कसं घालतात ते पाहायला आम्ही आलो होतो. सरकारी कागदांत याला ‘गॅदर’ म्हणतात, म्हणजे नुसतं गोळा करणं. लोक ‘राउंडअप’ म्हणतात. मला आपला ‘हाका’ हाच शब्द बरोबर वाटतो. शिकारीच्या हाक्यात डबे वाजवणारी माणसं जनावराला एका दिशेला ढकलतात, तेच काम इथे हेलिकॉप्टर करतं.

मी मूळची नंदुरबार जिल्ह्यातली, शहादा तालुक्यातली. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे लहानपणी दरवर्षी जायचे. आबांना घोडा विकत घ्यायचा नसायचा, त्यांना घोडा बघायचा असायचा. पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेला घोडा कोणता, देवमण हा केसांचा शुभ भोवरा कुठे असावा, हे ते मला दाखवत. पण सगळ्यांत आधी नाकपुड्या बघायला सांगत. ‘रंगानं माणूस फसतो, श्वासानं नाही.’ लग्नानंतर मी रीनोला आले, आता अकरा वर्षं झाली. इथे एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये काम करते. म्हणजे दिवसभर नोंदी जुळवणं हेच माझं काम, आणि पुढे जे घडलं त्यात त्याच सवयीचा उपयोग झाला.

रीनोच्या दक्षिण टोकाला आमचं घर आहे. मागच्या तळ्यावर उन्हाळ्यात घोडे येतात, ते व्हर्जिनिया रेंज नावाच्या डोंगररांगेतले. मला वाटायचं, यांना कायद्याचं संरक्षण असणार. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा समज दुरुस्त केला. हे घोडे राज्याच्या मालकीचे. केंद्राचा कायदा लागू होतो तो केंद्राच्या जमिनींवरच्या घोड्यांना. आणि त्या घोड्यांचा हाका कोणीही जाऊन पाहू शकतं. ‘तुझ्या-माझ्या पैशानं होतो तो,’ त्या म्हणाल्या. ‘एकदा जाऊन बघ.’ त्यांचे गुडघे आता दुखतात, म्हणून त्या जात नाहीत. त्यांची दुर्बीण त्यांनी मला दिली.

कायद्याची गोष्टही याच परिसरातली. १९५० साली व्हेल्मा जॉन्स्टन नावाची एक सेक्रेटरी रीनोला कामावर जात होती. पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना तिला दिसलं, म्हणून ती त्या ट्रकच्या मागे गेली. आत खाटीकखान्याकडे निघालेले रानघोडे होते. तिथून तिनं जे धरलं ते सोडलं नाही. मोटारगाड्या आणि विमानं वापरून सरकारी जमिनीवर रानघोड्यांची शिकार करायला बंदी आणणारा कायदा १९५९ मध्ये झाला. मग देशभरातल्या शाळकरी मुलांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १५ डिसेंबर १९७१ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रानघोडे आणि रानगाढवांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. संसदेत विरोधात एकही मत नव्हतं. पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, हेलिकॉप्टरला पुन्हा परवानगी मिळाली. एक अट मात्र घातली गेली: हेलिकॉप्टर वापरण्याआधी जाहीर सुनावणी घ्यायची.

ती सुनावणी आता ऑनलाइन होते. मी नाव नोंदवलं, माझ्या वाट्याला तीन मिनिटं आली. मी नियमावलीतली एक व्याख्या वाचून दाखवली. ‘माणुसकीची वागणूक’ म्हणजे पशुवैद्यकांत मान्य असलेल्या पद्धतींशी सुसंगत, विनाकारण ताण किंवा वेदना न देणारी हाताळणी. मग विचारलं, की ताण विनाकारण आहे की सकारण, हे त्या दिवशी त्या ठिकाणी कोण ठरवतं आणि ते कुठे लिहून ठेवतं? सुनावणीत उत्तर द्यायची पद्धत नाही, फक्त ऐकून घेतात. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि मी हाका पाहायला जायचं ठरवलं.

मी कोणत्या भागात गेले, कोणत्या कार्यालयाची मोहीम होती, कंत्राटदार कोण होता, हे इथे लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं माझ्याशी सौजन्यानं वागली आणि मला कुणा एकाला पकडायचं नाही.

पेट्रोल पंपावरून पंचेचाळीस मिनिटं कच्च्या रस्त्यानं गेलो, धुरळ्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून. मग एक टेकडी. तिच्या उतारावर रंगीत फितीनं आखलेली जागा आमची. खाली पांढऱ्या खारपट पठाराच्या कडेला पिंजरा होता. लोखंडी जाळ्यांचं कुंपण, आणि त्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना पसरत गेलेल्या गोणपाटाच्या लांब भिंती. नरसाळं आडवं ठेवावं तसा आकार. घोड्याला वाटतं, दोन्हीकडे भिंत आहे, वाट पुढेच आहे. तोंडाशी एक माणूस शिकवलेला घोडा धरून दबा धरून बसतो. कळप जवळ आला की तो घोडा सोडतो, तो सरळ पिंजऱ्यात पळतो आणि बाकीचे त्याच्या मागे. आमच्यापासून पिंजरा किलोमीटरभर तरी असेल. दुर्बिणीतून घोडे कळत होते, त्यांचे रंग कळत होते. गोणपाटाच्या आत काय चाललंय ते कळत नव्हतं.

अंतराचा हा प्रश्न कोर्टात जाऊन आलेला आहे. २०१० मध्ये नेवाडातल्या सिल्व्हर किंग इथल्या हाक्यात आपल्याला नीट पाहू दिलं नाही, म्हणून लॉरा ली या छायापत्रकार न्यायालयात गेल्या. २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयानं म्हटलं, की सरकार काय करतं ते पाहण्याचा जनतेचा हक्क खालच्या न्यायालयानं काटेकोरपणे तपासायला हवा होता, म्हणून पुन्हा तपासा. पुन्हा तपासलं, आणि त्यांनी मागितलेला मनाई हुकूम नाकारलाच गेला. सुरक्षिततेसाठी अंतर हवं, हे मान्य झालं. मलाही सुरक्षितता पटते. भेदरलेला कळप माणसांना बघून तारेच्या कुंपणावर गेला तर ते पाप पाहणाऱ्यांचं. पण मग आतल्या बाजूला कॅमेरा का नको? घोड्यांसाठी काम करणारे लोक हेलिकॉप्टरवर आणि पिंजऱ्यात कॅमेरे बसवा म्हणून कितीतरी वर्षं सांगताहेत. कॅमेऱ्याला बघून कुठला घोडा बुजतो?

साडेसातला पहिला कळप आला. आधी आवाज येत नाही, धूळ येते. डोंगराच्या पायथ्याशी सेजब्रशच्या करड्या झुडपांमधून एक भुरकट रेघ सरकायला लागते, मग तिच्या वर माशीएवढं हेलिकॉप्टर दिसतं. मग आवाज. तो कळप अकरा जणांचा होता, बऱ्यापैकी संथ आला. पायलट मागे राहून त्यांना त्यांच्या चालीनं येऊ देत होता. शेवटच्या टप्प्यात खाली उतरला, शिकवलेला घोडा सुटला, फाटक बंद. पाच मिनिटांत आटपलं. प्रामाणिकपणे सांगते, माझ्या मनात आलं, एवढंच असेल तर ठीक आहे.

कारण हेही खरं, की घोड्यांची संख्या वाढते. शत्रू कमी, त्यामुळे कळप दरवर्षी १५ ते २० टक्क्यांनी वाढतात, असं राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं २०१३ मध्ये नोंदवलं. कागदोपत्री ठरलेली योग्य संख्या साऱ्या देशात मिळून सुमारे साडेपंचवीस हजार, आणि मार्च २०२४ चा सरकारी अंदाज ७३ हजारांवर. आटलेल्या झऱ्याकाठी बरगड्या मोजता येतील असे घोडे मी पाहिले आहेत. पण त्याच समितीनं असंही म्हटलं, की ती योग्य संख्या कशी ठरवली याचा शास्त्रीय आधार स्पष्ट दिसत नाही, आणि गर्भनिरोधक लस अधिक वापरा. त्याच जमिनीवर परवान्यानं गाईही चरतात. २०१९ ते २०२५ या काळात एका गाय-वासराच्या महिनाभराच्या चाऱ्याला सरकार १ डॉलर ३५ सेंट घेत होतं. आमच्या घरामागच्या घोड्यांना स्वयंसेवक २०१९ पासून बंदुकीतून लस टोचतात. हेलिकॉप्टर लागत नाही, पण वर्षानुवर्षं चिकाटी लागते.

तिसरा कळप नऊच्या सुमारास दिसला. सोळा मोठे, तीन शिंगरं. नियमाप्रमाणे १ मार्च ते ३० जून हेलिकॉप्टरनं घोडे हाकायचे नसतात, कारण ते विण्याचे महिने. म्हणून हाका जुलैत सुरू होतो. म्हणजे शिंगरू असतं दोन-तीन महिन्यांचं, आणि खालची जमीन असते दगडाची. त्याच्या खुरांना अजून ती टणकता आलेली नसते.

हा कळप लांबून येत होता. दोनदा फुटला, दोनदा हेलिकॉप्टरनं वळसा घालून जोडला. पुढे एक अबलख घोडा, मधे एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी, मागचा एक पाय गुडघ्याखाली पांढरा. तिच्या मागे तिच्याच रंगाचं शिंगरू. घोडी सारखी मान मागे वळवत होती. शिंगरू आधी तिच्या मांडीला लागून होतं, मग एका घोड्याच्या लांबीएवढं मागे, मग चार घोड्यांच्या. नऊ चाळीसला ते एका बुटक्या टेकाडाआड गेलं आणि कळप त्या टेकाडाच्या अलीकडे आला तेव्हा त्यात ते नव्हतं. मी वहीत लिहिलं: ९.४०, शिंगरू मागे राहिलं, कुमैत, आई पांढऱ्या पायाची.

कळप पिंजऱ्यात गेला. ती घोडी गोणपाटाच्या भिंतीपाशी अडली, वळली, दोनदा मागे फिरली. मग धुरळ्यात दिसेनाशी झाली. नाकपुड्या बघायला अंतर फार होतं. पण पुढे तासभर आतून एक खिंकाळी येत राहिली. किलोमीटरभरावर, मधे जनरेटरचा आवाज, तरी येत होती. आमच्यातला कोणीच बोलत नव्हता.

माहिती द्यायला नेमलेली तरुण मुलगी आमच्याबरोबर होती. मी तिला सांगितलं. तिनं लगेच वायरलेसवर विचारलं. ‘त्यांना माहीत आहे, घोडेस्वार जातील.’ अंगावर पिणारं शिंगरू मागे टाकून यायचं नाही, राहिलं तर परत आणायचं, ही अपेक्षा प्राणिकल्याणाच्या नियमांत आहे. त्यामुळे ती खोटं बोलत नव्हती. घोडेस्वार गेलेही. पण आधी हेलिकॉप्टरनं इंधन घेतलं, आणि मग कळपातून सुटलेल्या दोन नरांच्या मागे गेलं. गाडीतला तापमापक दहा वाजता ९२ दाखवत होता. ९५ अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या ३५ च्या वर, जागेवरच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घोडे हाकायचे नसतात. मर्यादा ओलांडली नव्हती.

दहा बावन्नला एक स्वार परत आला. खोगिरावर, त्याच्या पुढ्यात, शिंगरू आडवं होतं. चारी पाय लोंबत होते. मान उचलत होतं, म्हणजे जिवंत होतं. स्वारानं एका हातानं त्याचं डोकं सावरून धरलं होतं. ते मी पाहिलं आणि तेही लिहिलं. तो माणूस निर्दय नव्हता. त्यानं गोणपाटामागे वळण घेतलं आणि आमच्यापुरतं ते प्रकरण संपलं.

बहात्तर मिनिटं. मी परत परत वजाबाकी करत होते.

रोजचा अहवाल संकेतस्थळावर रात्री येतो. पकडलेले नर किती, माद्या किती, शिंगरं किती, दगावलेले किती. दगावलेल्यांचे दोन रकाने असतात: एक अचानक आलेल्या मृत्यूचा, दुसरा आधीपासून व्यंग किंवा आजार होता म्हणून मारलेल्यांचा. दुसऱ्या रकान्यातला मृत्यू हाक्याच्या खाती धरला जात नाही. त्या दिवशी दुसऱ्या रकान्यात एक म्हातारी घोडी होती, पहिल्यात शून्य. शिंगरांची संख्या माझ्या वहीशी जुळली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग लक्षात आलं, की तो दिवस जसा गेला त्याचा काही मागमूस या आकड्यांत नाही. तीन शिंगरं आईबरोबर धावत आली असती, तरी अहवाल असाच दिसला असता.

मग मी माहितीचा अर्ज केला. माझ्या वडिलांनी सातबाऱ्यावरच्या एका चुकीच्या नोंदीसाठी तहसीलमध्ये माहिती अधिकार वापरला होता, दहा रुपयांचा स्टँप लावून. त्यामुळे मला अर्जाची भीती नव्हती. इथला माहितीचा कायदा १९६६ चा, आपल्यापेक्षा कितीतरी जुना. उत्तर द्यायची मुदत वीस कामकाजाचे दिवस. आपल्याकडे तीस दिवस. पण उशीर केला तर अधिकाऱ्याच्या खिशातून रोज २५० रुपये दंडाची तरतूद आहे. इथे तशी नाही. उशीर झाला तर तुम्ही कोर्टात जायचं. मला पोच आली, मग ‘अर्ज गुंतागुंतीचा आहे’ असं पत्र आलं, मग पुढे सात महिने काही आलं नाही. मी दर पंधरा दिवसांनी एक विनम्र ईमेल पाठवत राहिले. बिलिंगमध्ये विमा कंपन्यांना पाठवतो तसा, तारीख आणि संदर्भ क्रमांक घालून.

आठव्या महिन्यात अठ्ठावीस पानं आली. नावं काळी केलेली, ते योग्यच. पशुवैद्याची नोंदवही त्यात होती. त्या तारखेला एक ओळ सापडली: ‘शिंगरू, नर, कुमैत, स्वारानं आणलं, थकवा, पाणी कमी, सलाइन दिलं, आईजवळ सोडलं.’ मी ती ओळ वाचून स्वयंपाकघरात खाली बसले. आईजवळ सोडलं. पशुवैद्यानं चांगलं काम केलं होतं.

मात्र त्या ओळीत वेळ नव्हती. कुठल्याच ओळीत नव्हती. कळप कुठून उचलला, किती मैल धावला, किती वेळ धावला, यातलं काही अठ्ठावीस पानांत नव्हतं. मी नियम पुन्हा काढून वाचले. किती वेगानं आणि किती लांबून हाकायचं याला ठरावीक आकडा नाही. जमीन, हवा, जनावरांची स्थिती पाहून जागेवरच्या प्रमुख अधिकाऱ्यानं ठरवायचं. असा निर्णय अनुभवी माणसावर सोडण्यात मला गैर वाटत नाही. आबांसारखा माणूस तिथे असता तर त्यानं नाकपुड्या बघून हेलिकॉप्टर थांबवलं असतं. पण त्यानं काय ठरवलं, किती वाजता ठरवलं, हे लिहायचंच नसेल तर त्याला विचारणार काय? सुनावणीतल्या माझ्या तीन मिनिटांचं उत्तर मला त्या पानांत मिळालं. ठरवतं कोणीतरी, पण लिहीत कोणी नाही.

पुढच्या वसंतात मी ते घोडे जिथे नेले असतील असं वाटलं तिथे गेले. रीनोच्या उत्तरेला पिरॅमिड हायवेवर पॅलोमिनो व्हॅलीचं सरकारी केंद्र आहे, तिथे लोकांना घोडे पाहता येतात. काही खाजगी कंत्राटी कोंडवाडे एरवी बंदच असतात. पकडल्यानंतरच्या या भागाकडे पाहणारे डोळे फार थोडे, आणि पैसा मात्र सगळ्यांत जास्त इथेच जातो, कार्यक्रमाच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन-तृतीयांश. कॉलराडोतल्या कॅन्यन सिटीच्या कोंडवाड्यात २०२२ च्या वसंतात घोड्यांच्या इन्फ्लुएंझानं १४५ घोडे मेले. धावून नाही, उभ्या उभ्या.

कुंपणाशी मी दोन तास फिरले. प्रत्येकाच्या मानेवर डाव्या बाजूला गोठवून उमटवलेला पांढरा शिक्का होता, कोनांच्या खुणांचा. त्यावरून जन्माचं साल आणि क्रमांक वाचता येतो. मी शिंगरांचे शिक्के वाचायला शिकले. कुमैत कितीतरी होते. मागचा एक पाय पांढरा असलेल्या घोड्या दोन दिसल्या, त्यातली एक कुंपणाजवळ आली. तीच, असं म्हणायचा मला काही हक्क नाही. तिच्याजवळ शिंगरू नव्हतं. एव्हाना आईपासून तोडलेलं असणारच.

नेवाडाच्या खासदार डीना टायटस यांनी हेलिकॉप्टरबंदीचं विधेयक २०२२ मध्ये आणलं, पुढेही आणलं. अजून कायदा झालेला नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत जे मागता येईल ते मागायचं, म्हणून गेल्या महिन्यात रानघोड्यांच्या शेजारच्या एका क्षेत्राच्या पुढच्या दहा वर्षांच्या आराखड्यावर सरकारनं हरकती मागवल्या, तेव्हा मी दीड पानाचं पत्र लिहिलं. रोजच्या अहवालात चार रकाने वाढवा: कळप दिसल्याची वेळ, पिंजऱ्यात आल्याची वेळ, अंदाजे अंतर, आणि मागे राहिलेलं शिंगरू परत आणल्याची वेळ. सोबत वहीच्या त्या पानाची छायाप्रत आणि पशुवैद्याच्या नोंदवहीतली ती ओळ जोडली. ९.४० आणि १०.५२ या दोन वेळांखाली लाल पेननं रेघ ओढली.

शेजारच्या बाईंना दुर्बीण परत द्यायला गेले, तर त्यांनी घेतली नाही. सप्टेंबरात अजून एक हाका आहे, म्हणाल्या. मी रजेचा अर्ज टाकला आहे.